म्हातारा लॅपटॉप आणि भिजलेली नोंदवही

रात्री साडेनऊच्या सुमारास जेवण आणि दुसऱ्या दिवशीच्या मिस्सेची तजवीज उरकून मी मेजापाशी बसायचो आणि लॅपटॉपची कळ दाबायचो. मग उठून पाणी प्यायचो, खिडक्या लावायचो, पडवीतल्या कुत्र्याशी दोन शब्द बोलून यायचो. परत येऊन पाहावे तो पडद्यावरचे ते बारीक ठिपके अजून फेर धरून फिरतच असायचे. गेली दोन वर्षे हा माझा नित्यक्रम होता. प्रवचनाचे पहिले वाक्य सुचून, विसरून, पुन्हा सुचेपर्यंत यंत्र जागे होत नसे. आणि जागे झाले की त्याच्या पंख्याची घरघर अशी सुरू होई की शेजारच्या खोलीतले सहायक धर्मगुरू विचारत, ‘‘फादर, मिक्सर लावलाय का?’’

लॅपटॉप २०१४ सालचा. त्या काळच्या मानाने बरा होता. चार जीबी स्मृती, पाचशे जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि मागून काढता येणारी बॅटरी. नवा होता तेव्हा ही बॅटरी साडेतीन तास सहज चाले. गेल्या वर्षापासून वीज गेली की मोजून पंचवीस मिनिटे. तीही भरवशाची नाहीत. पडद्यावर ‘चाळीस टक्के शिल्लक’ असे दिसत असतानाच सारा काळोख होई.

पॅरिश कौन्सिलच्या सभेत हा विषय दोनदा निघाला. ‘‘फादर, नवा घेऊन टाका, आपण खर्च मंजूर करतो,’’ असे मंडळी प्रेमाने म्हणाली. मी हसून टाळले. लोकांना वाटले, फादर साधे राहतात. साधेपणाचे हे श्रेय मी निमूटपणे पदरात घेतले, हे येथे कबूल केले पाहिजे. खरे कारण साधेपणा नव्हते, भीती होती.

ती भीती समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. २०१४ ते २०१९ या काळात मी वसईतल्या एका जुन्या धर्मग्रामात होतो. स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या प्रत्येक धर्मग्रामाने ठेवाव्यात, आणि जुन्या वह्या विशेष काळजीने जपाव्यात, असे १९८३ च्या धर्मसंहितेतील ५३५ वे कलम सांगते. ही परंपरा पार ट्रेंटच्या धर्मपरिषदेपर्यंत, म्हणजे १५६३ पर्यंत मागे जाते. गुरुविद्यालयात हे कलम आम्ही पाठ केले होते. त्याचा खरा अर्थ मात्र तिथले लोखंडी कपाट उघडले तेव्हा कळला. एकोणिसाव्या शतकातील वह्यांना कसर लागलेली, पाने बोटाला चिकटून तुटणारी, शाई तपकिरी झालेली. त्यांतली १८८१ ते १८९६ ही पोर्तुगीजमधली स्नानसंस्काराची वही मी हाती घेतली. रोज रात्री तासभर बसून तारीख, बालकाचे नाव, आईबाप, धर्ममातापिता आणि आळी एवढे मराठीत उतरवून घ्यायचे. तीन वर्षांत एकोणीसशेच्या आसपास नोंदी झाल्या.

जुलै २०१८ मध्ये वसईत जो पाऊस झाला तो वसईकर विसरणे शक्य नाही. रेल्वे बंद, रस्ते पाण्याखाली, कित्येक घरांत वीज नाही. आमच्या दप्तरखोलीतही पाणी शिरले, आणि कपाटाच्या तळच्या खणात जी वही होती ती नेमकी हीच. दुसऱ्या दिवशी ती उचलली तेव्हा वहीतून पाणी गळत होते. पाने वाळवली, मध्ये टिपकागद घातले. पण अर्ध्याअधिक पानांवरच्या ओळी एकमेकींत मिसळून नुसते डाग उरले होते. म्हणजे आता माझ्या लॅपटॉपातली प्रत हीच वही होती. बदली झाली तेव्हा तिची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून मी नव्या फादरांच्या हवाली केली, आणि कर्तव्य संपले असे समजलो.

मग नवा लॅपटॉप घेऊन फायली त्यात का हलवल्या नाहीत, असे सुज्ञ वाचक विचारतील. त्याला एक मराठी कारण आहे. मी सारे टंकन जुन्या शिवाजी फॉन्टमध्ये केले होते. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तेथे ‘अंतोन’ हे नाव इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक पुंजका होऊन दिसते. एकदा एका शाळेतल्या संगणकावर मी ती फाईल उघडून पाहिली होती आणि माझे तीन वर्षांचे श्रम असे किड्यामुंग्यांसारखे पसरलेले पाहून धसका घेतला होता. हे यंत्र आहे तोवर अक्षरे आहेत, असे काहीसे माझ्या मनाने घेतले.

त्यामुळे मी घरगुती उपचार आरंभले. फोटो पुसले. एक विषाणूरोधक प्रोग्रॅम होताच, त्याच्या जोडीला दुसरा बसवला. कोणीतरी सांगितले की डिस्कवरच्या विखुरलेल्या फायली सलग लावून घेतल्या, म्हणजे डीफ्रॅगमेंट केले, की यंत्र पळू लागते. म्हणून मे महिन्याच्या उकाड्यात दोन रात्री ते काम लावून झोपलो. यंत्र पळाले नाही. अधिकच रखडले.

आणि मग जुलै २०२५ मध्ये जुन्या धर्मग्रामातून फोन आला. ऐंशी ओलांडलेले एक आजोबा कार्यालयात बसले होते. जमिनीच्या वारसनोंदीसाठी त्यांना आपल्या आजोबांचा स्नानसंस्काराचा दाखला हवा होता. कागदोपत्री नावाची तीन रूपे झाली होती, त्यांतले मूळ कोणते हे दाखवायचे होते. साल १८८९. तिथले फादर म्हणाले, ‘‘पान वाचता येत नाही आणि तो पेनड्राइव्ह उघडत नाही. तुमच्याकडे आहे ना?’’

‘‘आहे तर,’’ मी म्हणालो. ती फाईल उघडायला गेलो, पाच मिनिटे ठिपके फिरले, बाहेर वीज कडाडली, दिवे गेले, आणि बॅटरीने त्या दिवशी पंचवीस मिनिटेही दिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्रभातमिस्सा आटोपून मी थेट स्टेशनलगतच्या गाळ्यात गेलो. तेथे संगणक दुरुस्त करणारा तरुण एकेकाळी माझा वेदीसेवक होता. घंटा चुकीच्या वेळी वाजवण्याबद्दल त्याची ख्याती होती. त्याने यंत्र सुरू केले आणि कामांची यादी दाखवणारी खिडकी उघडली. डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के. ‘‘फादर, काहीच चालू नाही आणि डिस्क शंभर टक्के दमलेली आहे,’’ तो म्हणाला. मग त्याने डिस्कची प्रकृती दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम चालवला. पिवळी खूण आली. वाचता न येणाऱ्या आणि बदलीच्या प्रतीक्षेत असलेल्या तुकड्यांचा आकडा शून्य असायला हवा. तो काही शेकड्यांत होता.

मी डीफ्रॅगमेंट केल्याचे सांगितले तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. ‘‘अहो फादर, आजारी माणसाला तुम्ही शर्यतीत पळवलंत!’’

या डिस्कची रचना त्याने मला समजावली, आणि ती थोडक्यात सांगण्याजोगी आहे. आत आरशासारखी गुळगुळीत तबकडी मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे सेकंदाला नव्वद फेरे घेत असते. वाचणारे टोक तिच्यावर टेकत नाही. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर ते तरंगत असते. पृष्ठभागाचा एखादा तुकडा खराब झाला की यंत्र तोच तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि तेवढ्यात बाकी सारी कामे रांगेत उभी राहतात. मी ज्याला म्हातारपणाची मंदगती समजत होतो, ती एका मरणासन्न डिस्कची धडपड होती.

‘‘चालू असताना कधी आदळला होता का?’’ त्याने विचारले. मी ठामपणे नाही म्हणालो. त्याने सेटिंग उघडून पाहिले आणि पडदा माझ्याकडे वळवला. ‘झाकण मिटल्यावर काहीही करू नये’ अशी आज्ञा तिथे होती. ती मीच दिलेली. २०१६ च्या नाताळात गायकवृंदाच्या सरावाला झाकण मिटूनही गाणी वाजत राहावीत म्हणून ती सोय केली होती आणि ती पूर्ववत करायची राहून गेली. म्हणजे नऊ वर्षे मी झाकण मिटून, झोपला आहे असे समजून, चालू यंत्र पिशवीत कोंबत होतो आणि स्कूटरच्या पायापाशी ठेवून आमच्या रस्त्यांवरून नेत होतो. तबकडी फिरते आहे, पंख्याला हवा नाही, आत भट्टी पेटलेली आणि खाली खड्डे! डिस्क आणि बॅटरी दोघींचाही गुन्हेगार एकच होता आणि तो समोर स्टुलावर बसला होता.

बॅटरीचा हिशेब संगणक स्वतःच लिहून ठेवतो, हेही तेव्हा कळले. मूळ क्षमता एक्केचाळीस वॅट-तास. आता पूर्ण भरली तरी साडेनऊ. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली आणि ती घडवणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. (गुडइनफ तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे होते; वृद्धांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.) भरताना आणि वापरताना लिथियमचे कण एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे ये-जा करतात, प्रत्येक खेपेत थोडे कण ग्रॅफाइटवर जमणाऱ्या थरात अडकून कायमचे बाद होतात. उष्णतेने हे झपाट्याने होते, आणि दिवसरात्र शंभर टक्के भरलेली ठेवल्यानेही. मी ‘कधी वीज जाईल सांगता येत नाही’ म्हणून प्लग कधीच काढत नव्हतो. येथे प्रवचनाला उत्तम दाखला सापडतो खरा, परंतु तो मोह मी आवरला आहे.

त्या तरुणाची शिस्त मला आवडली. तो म्हणाला, ‘‘आधी प्रत, मग उपचार. आता याला एकदाही उगीच चालू करायचं नाही.’’ त्याने डिस्क बाहेर काढली, आपल्या यंत्राला जोडली आणि डीडीरेस्क्यू नावाच्या मोफत प्रोग्रॅमने नव्या, न फिरणाऱ्या एसएसडीवर तिची नक्कल सुरू केली. हा प्रोग्रॅम शहाणा आहे. निरोगी भाग आधी उचलून घेतो, दुखऱ्या जागा वगळत जातो आणि शेवटी त्यांच्याकडे वळून जमेल तेवढे हळूहळू वाचतो. ते काम एक रात्र आणि एक दिवस चालले. त्या रात्री मला झोप आली नाही. एकोणीसशे बालके, त्यांच्या आया, त्यांच्या आळ्या. त्यांतली बहुतेक माणसे आज कोणाच्याही स्मरणात नसतील, आणि माझ्या निष्काळजीपणाने ती दुसऱ्यांदा बुडणार होती.

संध्याकाळी त्याचा फोन आला. काही शे किलोबाइट सोडून सारे आले होते. वहीच्या तीन फायली होत्या. पहिल्या दोन धडधाकट उघडल्या. १८८९ दुसरीत होते. आजोबांचे आजोबा सापडले, फेब्रुवारीतला स्नानसंस्कार, नाव व बापाचे नाव स्पष्ट. भिजलेल्या पानाशेजारी तो उतारा ठेवून काळजीपूर्वक पाहिले असता मूळ अक्षरांचे काही अवशेषही त्याच्याशी जुळले, आणि तेथील फादरांनी हे सर्व नमूद करून दाखला दिला. आजोबांनी मला फोन केला. ‘‘फादर, तुमचे उपकार,’’ म्हणाले. मला काय बोलावे कळेना.

कारण तिसरी फाईल अर्धी तुटली होती. त्या तरुणाने तिच्यातला मजकूर ओढून काढला, पण १८९५ च्या उत्तरार्धातल्या त्रेचाळीस नोंदी गेल्या त्या गेल्याच. त्या कोणी मागायला आलेले नाही. अजून तरी नाही.

बाकीची दुरुस्ती मामुली होती. पंख्यात कापसासारखा धुरळा साचला होता तो काढला, प्रोसेसरवरचा वाळलेला थर्मल पेस्ट बदलला, स्मृती आठ जीबी केली, दोनांपैकी एक विषाणूरोधक हाकलला, झाकणाची आज्ञा दुरुस्त केली. मूळ कंपनीची बॅटरी आता मिळत नाही. तिच्याऐवजी दुसरी बसवली, ती अडीच तास देते. यंत्र आता अर्ध्या मिनिटात जागे होते, त्यामुळे कुत्र्याची मात्र गैरसोय झाली. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि एवढ्या जुन्या प्रोसेसरला विंडोज ११ रीतसर चालत नाही, म्हणून हा लॅपटॉप आता इंटरनेटला जोडत नाही. तो केवळ लेखणीच्या कामाचा. सर्व नोंदी युनिकोडमध्ये बदलून घेतल्या आहेत, म्हणजे ‘अंतोन’ आता कोठेही अंतोनच दिसतो. तीन प्रती आहेत. एक माझ्याकडे, एक त्या धर्मग्रामात, एक तिसऱ्याच ठिकाणी. आणि दर तीन महिन्यांनी त्या उघडून पाहायच्या, कारण न उघडलेली प्रत म्हणजे काय ते आमच्या पेनड्राइव्हने शिकवले.

नोव्हेंबरपासून दर शुक्रवारी दुपारी मी जुन्या धर्मग्रामात जातो. भिंग असतेच, शिवाय तो तरुण नोटा तपासायचा जांभळ्या प्रकाशाचा दिवा घेऊन येतो. जुनी लोहयुक्त शाई साध्या उजेडात पुसट दिसली तरी त्या प्रकाशात कागद उजळतो आणि ती काळी उमटते. कागदाला तो प्रकाश बरा नाही, म्हणून क्षणभर लावायचा, फोटो घ्यायचा आणि विझवायचा. मी वाचतो, तो टंकतो. पोर्तुगीज त्याला येत नाही, पण परवा एका डागाकडे बोट दाखवून तो म्हणाला, ‘‘फादर, ही तर आमची आळी!’’ खरोखरच ती त्यांची आळी होती.

त्रेचाळीसपैकी एकोणतीस नोंदी वाचून झाल्या. चौदा बाकी आहेत. येत्या शुक्रवारी पुन्हा जायचे आहे. बॅटरी भरून ठेवली आहे, अर्थात ऐंशी टक्क्यांपर्यंतच.