अलीकडे, पलीकडे

पुण्याच्या वाघोलीत राहायला आल्यापासून 'अलीकडे' या शब्दाशी माझं रोज काम पडतं. "वाघेश्वर मंदिराच्या अलीकडे या," असं पार्सल आणणाऱ्या मुलाला सांगते, तेव्हा माझ्या मनात खराडीकडून येणारा नगर रस्ता असतो. तो लोणीकंदकडून येत असला की माझं अलीकडे त्याचं पलीकडे होतं.

असाच घोळ माझ्या कामातही झाला. विकीसाठी मॅक्रो लिहिणं हे माझं काम. मॅक्रो म्हणजे पानात पेरलेली छोटी आज्ञा. पान उघडलं की ती आपला मजकूर तयार करते. कॉन्फ्लुअन्स या विकीत ती चालते तेव्हा तिच्या हाती तीन गोष्टी येतात: लिहिणाऱ्याने दिलेली मूल्यं, आतला मजकूर आणि संदर्भ. आपण कुठल्या पानावर आहोत, हे तिला संदर्भातूनच कळतं. पहिल्या दोन गोष्टी मी जपून हाताळायचे. संदर्भ मात्र गृहीत धरला होता.

'या पानाची जबाबदारी कोणाची' हे दाखवणारा मॅक्रो मी केला. सुट्या पानावर तो चोख चालला. पुढे कोणीतरी ते पान दुसऱ्या गटाच्या पानात समाविष्ट केलं, आणि नव्याने रुजू झालेली एक मुलगी कितीतरी दिवस भलत्याच माणसाला शंका विचारत राहिली. मॅक्रोला संदर्भ मिळत होता तो आतल्या पानाचा. बाहेरच्या पानासाठी मूळ संदर्भ वेगळा मागावा लागतो. तो मी मागितलाच नव्हता. तिचे ते दिवस अजून मला बोचतात.

मीडियाविकी या दुसऱ्या विकीत रीत उलटी. साच्यात, म्हणजे अनेक पानांत वापरायच्या तयार मजकुरात, पानाचं नाव देणारा 'पेजनेम' हा शब्द लिहिला तर साच्याचं नाव येत नाही. साचा ज्या पानात वापरलाय, त्या पानाचं येतं. म्हणून तर एकच साचा कितीही गावांच्या पानांवर टाकला, तरी प्रत्येक ठिकाणी त्या त्या गावाचं नाव उमटतं. पण नावावर तरी किती विसंबावं? वाघोली वसई तालुक्यातही आहे. शिवाय पानांची नावं बदलतात, पानाचा क्रमांक तोच राहतो. गावाचंही तसंच. जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांत आमची वाघोली होती. कागदावरचा पत्ता बदलला, घर होतं तिथेच राहिलं.

माझ्या मॅक्रोची दुरुस्ती करताना आतलं पान खरं की बाहेरचं, यावर मी बराच विचार केला. वाचणारीला दोन्ही हवेत. आता मॅक्रो दोन नावं दाखवतो: हा मजकूर कोणाचा आणि हे पान कोणाचं.

काल पार्सलवाल्याचा फोन आला. आधी विचारलं, कुठे आहेस? केसनंद फाट्यावर, म्हणजे लोणीकंदच्या बाजूला होता. म्हटलं, मंदिर ओलांडून ये.