खारं पाणी, गोडं पाणी

आमच्या भातकुलीच्या वावरात एक विहीर आहे. आज्यानं खोदली, बापानं बांधून काढली. पाणी बारा महिने असते, पण त्याचा उपयोग शून्य. पिकाला दिलं तर दोन-तीन वर्षांत जमीन पांढरी पडते, चहात टाकलं तर दूध फाटते, अन् माणूस प्याला तर तहान आणखी वाढते. विहिरीच्या काठावर बसून तहानलेलं राहणं काय असते, ते आम्हा खारपाण पट्ट्यातल्या लोकांना विचारा. अमरावती, अकोला अन् बुलडाणा, या तिन्ही जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांनी हा पट्टा पसरला आहे. कपाशी, तूर, मूग जे घ्यायचं ते पावसाच्या भरवशावर. रब्बीत जमिनीच्या ओलीवर हरभरा. बस्स.

लहानपणी म्हातारे सांगत, इथं पहिले समुद्र होता, तो आटला अन् खार मागं राहिला. पुढं शेतीखात्याचे साहेब आले, ते म्हणाले समुद्र-बिमुद्र काही नाही. नदीनं आणून टाकलेला शेकडो फूट खोल गाळ आहे, त्यात क्षार आहेत, पाण्याचा निचरा होत नाही. साहेबांचं खरं असेल. पण माझ्या बापाच्या डोक्यातून समुद्र काही गेला नाही. उन्हाळ्यात तो बैलबंडीवर टाकी बांधून तीन कोसांवरून प्यायचं पाणी आणायचा. मी लहान होतो, बंडीत मागं बसायचो. बाप म्हणायचा, "एकदा समुद्र पाहाचा आहे बा. आपली विहीर एवढी खारी, तं तो किती खारा असन!" बाप १९९४ साली गेला. समुद्र राहूनच गेला त्याचा.

मी स्वतः समुद्र पाहिला तो साठी उलटल्यावर, २०१९ च्या मार्च महिन्यात. तोही हौसेनं नाही. माझं त्यात एक काम होतं.

माझा मुलगा सिंधुदुर्ग जिल्ह्यात जिल्हा परिषदेचा मास्तर आहे. आमच्या विदर्भातली कितीतरी पोरं तिकडं मास्तर म्हणून गेली आहेत. डी.एड. झाली, इकडं जागा नव्हत्या, तिकडं होत्या. गेला तेव्हा आम्ही म्हटलं, दोन-चार वर्षं काढेल अन् बदली करून येईल. दोनाची आठ वर्षं झाली. लग्न झालं, नातू झाला. दरवर्षी दिवाळीला मी विचारायचो, "फॉर्म भरला का रे बदलीचा?" तो म्हणायचा, "पाहू बाबा." त्या 'पाहू'चा अर्थ मला कळत होता, पण मानायचा नव्हता. सहा एकर वावर, घर, गुराचा कोठा, हे सगळं कोणासाठी? माझे गुडघे बोलायला लागले होते. म्हणून हरभरा काढून झाल्यावर मी मंडळीला म्हटलं, चाल, पोराकडे जाऊ. तिला वाटलं नातवाला पाहायला चाललो. मी मात्र पोराकडून शब्द घ्यायला चाललो होतो.

बडनेऱ्याहून रात्रीची गाडी धरून मुंबई, मुंबईहून पुन्हा रात्रीची कोकण रेल्वे. ही रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली. बोगदा संपला की पूल, पूल संपला की बोगदा. मंडळी खिडकीतून पाहत म्हणाली, "इथं पेरते कुठं हे लोक?" सावंतवाडी रोडला उतरलो, मुलगा घ्यायला आला होता. तिथून शिरोड्याकडं.

शिरोडा हे वेंगुर्ला तालुक्याचं शेवटाचं गाव म्हणा. पुढं रेडी, मग तेरेखोलची खाडी अन् पलीकडं गोवा. गोव्यात माणसावर माणूस असतो म्हणतात. इकडं तसं नाही. सिंधुदुर्ग हा १९९७ सालीच पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पण आम्ही गेलो तेव्हा परीक्षांचे दिवस होते. वेळागरच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली एक-दोन गाड्या उभ्या, चार-सहा लोक, बस. शेजारच्या आरवलीचं सागरतीर्थ म्हणून ठिकाण आहे, तिथं तर सकाळी आम्ही तिघं अन् एक कुत्रं.

समुद्र पाहून मला पहिल्यांदा काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगतो. आनंद नाही झाला. मला भीती वाटली, अन् मग शेतकऱ्याच्या जातीला साजेल असा एक मूर्ख विचार आला की एवढी जागा रिकामी! आपल्या इकडं बांधाच्या एका वितीसाठी भाऊ भावाच्या डोक्यात पावडं घालतो. मंडळीनं मात्र चपला काढल्या, लुगडं थोडं वर खोचलं अन् सरळ पाण्यात गेली. ओंजळीत पाणी घेऊन तिनं जिभेला लावलं अन् थू करून हसली. "अहो, आपलं बरं आहे यापरीस!" मीही चाखलं. बापाच्या वाटचं म्हणून चाखलं. खरंच, आमची विहीर त्यापुढं काहीच नाही. वर मान केली तर मुलगा दुसरीकडं पाहत होता. आज्याची ही गोष्ट त्याला मीच सांगितली होती.

भूगोलाच्या पुस्तकातलं एक मला तिथं आठवलं. आमची पेढी नदी पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवला तापीला, अन् तापी सुरतेपाशी याच अरबी समुद्राला. म्हणजे आमच्या वावरातून वाहून गेलेलं पाणी शेवटी इथंच येते. मंडळीला सांगितलं तर म्हणाली, "मंग तुमच्या बापानं पाहिलाच म्हणा समुद्र. त्याची राख पूर्णेतच तं सोडली होती." मला हे सुचलं नव्हतं. दहावी मी शिकलो, ती चौथी.

तिसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण चालली होती. होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं टाकून येतात अन् त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसं ओढत राहतात. दोन्हीकडं वीस-वीस, पंचवीस-पंचवीस जण. म्हातारे होते, पोरं होती, बायाही होत्या. मी पाहत उभा होतो. एक म्हातारा ओरडला, "खंयसून इलात?" मुलानं सांगितलं, अमरावतीहून. "मगे बघतास काय? ओढा!" मी दोर धरला. नाडा ओढायची सवय हातांना होतीच. दीडेक तास ओढलं. जाळं आलं त्यात फार नव्हतं, बांगडे अन् बारीक मासळी. वाटे पडले. त्या म्हाताऱ्यानं केळीच्या पानावर चार बांगडे ठेवून माझ्यासमोर केले, "ह्यो तुमचो वाटो." मी म्हटलं, बाप्पा, आम्ही माळकरी. तो म्हणाला, खाणं न खाणं तुमचं, पण दोर ओढला त्याचा वाटा ठेवायचा नसतो. मी तो मुलाच्या घरमालकिणीला नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी तिनं आमच्यासाठी कोकमाची आगळ अन् दोन नारळ धाडले. आमच्याकडं पूर्वी सोंगणीला बलुतेदार वावरात येत, रास झाली की त्यांचं माप आधी निघे. ते मी माझ्या डोळ्यांनी बंद होताना पाहिलं. इथं अजून चालू होतं.

शिरोड्याची मिठागरं पाहायची मला खास इच्छा होती. मे १९३० मध्ये इथं मोठा मिठाचा सत्याग्रह झाला, महाराष्ट्रभरातून स्वयंसेवक आले होते. त्याच साली आमच्या वऱ्हाडातही मिठाचा सत्याग्रह झाला हे पुष्कळांना माहीत नाही. समुद्र नाही, तर मीठ कुठून आणणार? अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढून लोकांनी कायदा मोडला. आमच्या खाऱ्या पाण्याचा झालेला एवढाच एक उपयोग मला ठाऊक आहे.

मिठागरात भरतीचं पाणी खाडीतून आत घेतात. एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत आटवतात, अन् शेवटच्या वाफ्यात दाणा धरला की लाकडी फावड्यानं ओढून ढीग लावतात. वाफ्यांची तळजमीन पायांनी तुडवून अशी घट्ट केलेली की आमचं खळं आठवावं. तिथं काम करणाऱ्या गड्याला मी दहीहांड्याचं सांगितलं. त्याला नवल वाटलं. "विहिरीत मीठ? मगे पिता काय?" मी म्हटलं, त्याच्यासाठीच तं आयुष्य गेलं. मग त्यानं आभाळाकडं पाहिलं. मीही पाहिलं. एखादा ढग होता. तो म्हणाला, मार्चात एक सर पडली तरी पंधरा दिवसांचं मीठ पाण्यात जाते. मी त्याला सांगितलं, आमचा सोंगून ठेवलेला हरभराही त्याच सरीनं जातो. त्याचा दर व्यापारी ठरवतो, आमचाही. तो मीठ पिकवतो अन् आम्ही कापूस, बाकी बोलणं आमचं एकाच गावच्या दोन माणसांसारखं झालं.

येताना त्यानं पिशवीभर मीठ दिलं. पैसे घेतले नाहीत.

आता मुख्य गोष्ट. मुलाचं भाड्याचं घर समुद्रापासून दोनशे पावलांवर. परसात विहीर, तीन पुरुष खोल असेल-नसेल. पहिल्या दिवशी मंडळीनं पोहरा टाकला, पाणी काढलं अन् सवयीप्रमाणं आधी जिभेवर घेतलं. मग काही न बोलता तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन टाकलं. "गोड आहे," ती म्हणाली. अन् विहिरीच्या कठड्यावर बसून रडायला लागली. मला काही सुचेना. समुद्र दोनशे पावलांवर अन् विहीर गोड. आमच्यापासून समुद्र सहाशे किलोमीटर अन् विहीर खारी. मुलानं समजावलं की इकडं तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ते गोडं पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, फार उपसलं तर इथंही खारं येईल. पण ती पाण्याच्या शास्त्रासाठी रडत नव्हती. दोन वेळा मुतखड्याचं ऑपरेशन झालेली बाई होती ती. लग्न होऊन आली तेव्हापासून चाळीस वर्षं तिनं पाणी वाहिलं होतं. आता नळ आला आहे, पण तोही रोज येत नाही.

नातू तिचं बोट धरून उभा होता. तो दिवाळीला आमच्याकडं येतो तेव्हा घरचं पाणी पीत नाही, सून बाटल्या आणते. मला त्याचा राग यायचा. त्या दिवशी आला नाही.

मुलाची शाळाही पाहिली. अकरा लेकरं, दोन मास्तर. गावातली तरणी माणसं गोव्यात नाही तर मुंबईत. मी मुलाला म्हटलं, एवढ्याशा पोरांसाठी काय? तो म्हणाला, "बाबा, मी गेलो तं दुसरा मास्तर लवकर येत नाही. आधीच पट कमी. शाळा बंद झाली की ही पोरं चार किलोमीटर चालतीन." तेव्हा मला त्याचा 'पाहू' उलगडला. पोरगं कामाला कंटाळून तिथं राहिलं नव्हतं.

घरमालकीण दोन खोल्या पाहुण्यांना देते. मी विचारलं, लोक जास्त आले तर चांगलंच ना? ती म्हणाली, यावेत, घर चालते, पण फार नकोत, मग विहीर पुरायची नाही. वेळागरला मोठ्या हॉटेलासाठी सरकारनं जमिनी घेतल्या तेव्हा लोकांनी कित्येक वर्षं विरोध केला, तेही तिनं सांगितलं. ती जमिनीचं बोलत होती अन् मला माझे सहा एकर दिसत होते. जमीन सोडवत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. पण जमीन धरून ठेवणं अन् पोराला धरून ठेवणं, हे एक नाही, हे तिथं समजलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बापलेक किनाऱ्यावर बसलो. दूरपर्यंत माणूस नव्हतं. मला वाटते त्यालाही ठाऊक होतं मी कशाला आलो ते. तो वाट पाहत होता. मी विचारलं, "भरती किती वाजता येते रे?" त्यानं सांगितलं. मग बराच वेळ आम्ही पाणी चढताना पाहत राहिलो. फॉर्मचं मी काढलं नाही.

गावी आल्यावर चौकात लोक विचारायला लागले, काय पाहिलं? मी सांगितलं, पाणी पाहिलं. पुढच्या हंगामापासून चार एकर मक्त्यानं दिले, दोन स्वतः करतो. गुडघे तेवढं सोसतात. मंडळी आता वर्षातून दोन महिने मुलाकडं जाऊन राहते, मुतखड्याचा त्रास कमी आहे म्हणते. मी एवढे दिवस राहू शकत नाही, मला वावर लागते.

शिरोड्याचं मीठ तिनं चिनी मातीच्या बरणीत भरून ठेवलं होतं. दोन वर्षं आंब्याचं लोणचं त्याच मिठात घातलं. लोणचं टिकलं.