टेबलाएवढं रणांगण

"मी धनुर्धारी का घेतला रे?" मित्रानं वैतागून विचारलं. आमच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये तो दर लढाईत मार खात होता. डंजन मास्टर मी. फासे त्याच्यावर रुसलेत, असं धरून चाललो होतो.

मग हिशेब मांडला. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत एक इंची चौकोन म्हणजे ५ फूट. माझे नकाशे ए-थ्री कागदावर. लांबी साडेसोळा इंच, म्हणजे जेमतेम ८० फूट. त्याच्या लाँगबोचा पल्ला ६०० फूट, त्यातले पहिले १५० सहज नेमाचे. धावत सुटलेला ऑर्क एका फेरीत ६० फूट येतो. एक-दोन बाण सुटेपर्यंत शत्रू छाताडावर, आणि तो ५ फुटांच्या आत आला की धनुष्याचा नेम बिघडतोच. ६०० फूट मांडायचे तर १० फुटी टेबल हवं.

पुढच्या रविवारी नकाशा गुंडाळून ठेवला. "माळाच्या टोकाला, ३०० फुटांवर ऑर्क दिसतायत," एवढंच म्हणालो. त्यांना पोचायला पाच फेऱ्या लागल्या. मित्र खुर्चीतून उठून फासे टाकत होता. इतके दिवस त्याचं जग मी प्रिंटरच्या मापाचं करून ठेवलं होतं.