बळ आणि आवर

आहे त्या वेगावर संतुष्ट राहिलेला मनुष्य आमच्या पाहण्यात नाही. शहापुरातील आमच्या कचेरीत बहुधा जमिनीच्या वाटण्या आणि सामाईक भिंतींचे तंटे येतात; परंतु गेल्या पावसाळ्यात आमचा भाचा एक निराळाच प्रश्न घेऊन आला. त्याच्याजवळ जुनी होंडा सिटी व्हीटेक आहे, पंधराशे सी.सी.ची. तिला टर्बोचार्जर बसवावा, हा त्याचा ध्यास. "मामा, इंजिनाला थोडी जास्त हवा द्यायची, इतकेच. यात कायदा कुठे आला?" त्याच्या आईचे, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीचे, म्हणणे याहून थोडके होते : "दादा, तो रोज निपाणीला जातो. तवंदीचा घाट आहे वाटेत."

आम्ही प्रथम यंत्र समजून घेतले. पेट्रोलचा एक भाग पुरता जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते. हवा मात्र जेवढी आपण होऊन शिरेल तेवढीच. बाहेर फेकल्या जाणाऱ्या तप्त धुरावर एक चक्र फिरवावे आणि त्याच आसावरील दुसऱ्या चक्राने हवा कोंबावी, ही युक्ती स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली मांडली. १९१८ साली सॅनफर्ड मॉस याने अमेरिकेतील पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंच शिखरावर विमानाच्या इंजिनाला असे चक्र जोडून विरळ हवेत हरवलेले बळ परत मिळवून दाखविले. आपले बेळगावही सुमारे २,५०० फुटांवर वसलेले. गोव्याहून चोर्ला घाट चढून येणारी साधी मोटार येथे पोहोचेपर्यंत शेकडा आठ-नऊ भाग बळ गमावून बसते. तेव्हा मुलाची हौस अगदीच निराधार नव्हती.

परंतु कोंबलेली हवा तापते. इंधन अवेळी पेट घेते आणि पिस्टनवर घणाचे घाव बसू लागतात. म्हणून हवा निवविणारा इंटरकूलर हवा. हवा वाढली की इंधन वाढले पाहिजे, म्हणून मोठे इंजेक्टर, जोरकस पंप आणि ठिणगीची वेळ ठरविणाऱ्या संगणकाची नवी जुळणी. ते बळ चाकांपर्यंत नेण्यास दणकट क्लच. आणि थांबविण्यास? वेग दुप्पट झाला की थांबविण्याचे काम चौपट होते. भाच्याच्या यादीत ब्रेक सर्वांत शेवटी होते, आणि त्यांपुढे 'नंतर पाहू' असा शेरा होता.

राहिला कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या आणि नोंदणीपत्रात असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२क आले. अनधिकृत बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय विमा हा विश्वासाचा करार. बदल लपविला, तर भरपाई मागताना नेमके तेच पुढे येते.

"म्हणजे हौस मारून टाकायची?" भाच्याने विचारले. आम्ही म्हटले, नाही. कायद्याची चिंता सार्वजनिक रस्त्याची आहे. कोइमतूरच्या करी स्पीडवेसारखी बंदिस्त धावपट्टी याच हौसेसाठी आहे. तेथे वेगासाठी सजविलेली मोटार दुसऱ्या वाहनावर लादून नेतात. पण जी मोटार रोज घाटातून जाणार आणि जिच्या समोरून दुसऱ्यांची मुले येणार, तिची यादी उलट्या क्रमाने वाचावी.

देवाचा रथ ओढण्यास शेकडो हात लागतात. पण उतारावर सर्वांचे लक्ष चाकाखाली लाकडी पाचर सारणाऱ्या दोघा-चौघांकडे असते. त्यांच्या भरवशावरच बाकीचे मोकळेपणाने दोर ओढतात.

भाच्याने यंदा मूळ मापाचे नवे ब्रेक आणि नवे टायर घातले. टर्बोचे पैसे तो निराळे साठवीत आहे. त्या पैशांतून पुढे केवळ धावपट्टीसाठी एक दुसरी जुनी गाडी घ्यायची, असे त्याच्या मनात आहे. आमची बहीण अजूनही त्याची वाट पाहत ओसरीवर बसते. मात्र अलीकडे हातात वाचायला काहीतरी असते.