मधली हवा

फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, गुलाबी असतो असं ज्यांनी ऐकलंय, त्यांनी भिगवणला जाऊन एकदा खात्री करून घ्यावी. गाळात मान खुपसून चरणारा मोठा रोहित बऱ्यापैकी पांढराच दिसतो. पाय गुलाबी, चोच गुलाबी, अंगावर एक पुसट छटा, आणि सोबतची पिल्लं तर मळकट राखाडी. ‘पंख उघडू द्या ताई, मग बघा,’ आमचा नावाडी म्हणत होता. पंख उघडले तेव्हा आतून लालभडक आणि काठाला काळाकुळकुळीत रंग निघाला. मी बघतच राहिले. बटण दाबायचं असतं हे आठवेपर्यंत पंख मिटले होते.

पन्नाशीनंतर कॅमेरा हातात घेतला की माणसाला शिकवायला सगळेच तयार असतात. मावसभावाने त्याचा जुना कॅमेरा दिला आणि 150-600ची लेन्स दिली. लेन्स दोन किलोच्या आसपास. ती दहा मिनिटं डोळ्याशी धरली की हात थरथरतात. एकाने सांगितलं ‘मॅन्युअलवरच काढ’, दुसऱ्याने सांगितलं ‘मॅन्युअलच्या भानगडीत पडू नकोस’. कुणी म्हणालं आयएसओ चारशेच्या वर नेऊ नको, कुणी म्हणालं बिनधास्त ने. हे सगळं डोक्यात घेऊन मी फेब्रुवारीच्या अखेरीस उजनीच्या काठावर गेले आणि मार्चमध्ये उत्तराखंडात चोपत्याला. लेक देहरादूनला शिकायला आहे, म्हणून ते दुसरं जमलं. एकाच वसंतात एकीकडे घामाच्या धारा आणि दुसरीकडे बोटं बधिर, अशी माझी शिकवणी झाली.

उजनीचं धरण भीमेवर 1980मध्ये पुरं झालं. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या गावांच्या अंगाला त्याचा फुगवटा पसरलेला आहे. धरण भरलेलं असतं तेव्हा इथे रोहितांना फारसं काम नसतं, पाणी खोल. थंडी सरली, पाणी शेतीला सुटू लागलं, की काठ उघडे पडतात आणि गुडघाभर पाण्यातला गाळ त्यांच्या चोचीच्या आवाक्यात येतो. हा पक्षी चोच उलटी करून चरतो. पायांनी गाळ ढवळायचा, पाणी चोचीत घ्यायचं, बारीक जीव गाळून ठेवायचे आणि पाणी बाहेर सोडायचं. पिसांतली लाली याच खाण्यातून येते. म्हणजे रोहिताचा रंग हा त्याच्या जेवणाचा हिशेब आहे. हे मला तिथेच नावाड्याने सांगितलं. त्याच्या शब्दांत, ‘जसं खानं तसा रंग’.

पहाटे बोट निघाली तेव्हा स्वेटर लागत होता. थव्याच्या जवळ गेल्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि बांबूने गाळात रेटा देत बोट पुढे सरकवायला सुरुवात केली. मी कॅमेऱ्यात बघत होते, तो पक्ष्यांच्या मानांकडे. माना खाली आहेत तोवर पुढे जायचं. चार-दोन माना वर आल्या की बांबू थांबवायचा. सगळा थवा एकाच दिशेला तोंड करून चालायला लागला, की आपण फार जवळ आलो असं समजायचं, आणि मागे सरायचं. त्या एका फेरीत मला जे समजलं ते कुठल्याही व्हिडिओत नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या बोटीतून कुणीतरी त्याच्या नावाड्याला म्हणालं, ‘दादा, जरा उडवा ना!’ पंखांचा रंग हवा असतो ना, म्हणून. रोहिताला उडण्याआधी पाण्यावरून धावत जावं लागतं, आणि त्याच्या चरण्याची वेळ आपल्या फोटोपायी मोडते. पाचशे फोटो घरी नेऊन चारशे नव्वद पुसणाऱ्या माणसांनी (त्यात मी आलेच) एवढं तरी सोडून द्यावं.

फोटो बघितले तर पक्षी पांढऱ्या ठिपक्यांसारखे. पिसं नाहीत, पोत नाही, नुसता चुना. त्याचं कारण मला बोटीतल्याच एका जाणकार बाईंनी सांगितलं. कॅमेऱ्याला पक्षी कळत नाही, पाणी कळत नाही. समोर जे काही येईल ते सरासरीने मध्यम राखाडी, म्हणजे सुमारे 18 टक्के प्रकाश परत पाठवणारं आहे असं तो धरून चालतो. गडद पाण्यात छोटासा पांढरा पक्षी असला की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो सगळंच उजळतो, आणि पांढरं जळून जातं. उपाय म्हणजे चाक फिरवून एक्सपोजर मायनसमध्ये घ्यायचं. ‘पांढरा पक्षी, मायनस,’ असं मी वहीत लिहून ठेवलं आणि मोठं गुपित हाती लागल्याच्या थाटात बसले.

परतताना पट्टकादंब दिसले. डोक्याच्या मागे दोन काळे आडवे पट्टे असलेले करडे हंस, काठावरच्या शेतात चरत होते. ‘हे आता चाललेच,’ नावाडी म्हणाला. हे तिबेट, मंगोलियाकडे जातात, हिमालय ओलांडून. पाठीवर ट्रान्समीटर लावून सोडलेल्या काही हंसांची सात हजार मीटरच्या वरून उडत गेल्याची नोंद आहे. काठावरच्या घरात तळलेली चिलापी खाताना हा आकडा मी ऐकला आणि विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडबनवाडीच्या माळावर गेलो. इंदापूर तालुक्यातला हा गवताळ पट्टा चिंकारा, खोकड, लांडगा यांच्यासाठी माहितीचा आहे. अकराच्या सुमाराला उभं पिवळं गवत आणि त्यात चिंकाऱ्याची मादी, कान आमच्याकडे. हात स्थिर होते. खिडकीवर जुन्या जीन्सच्या पायात ज्वारी भरून शिवलेली पिशवी, तिच्यावर लेन्स. शटर स्पीड भरपूर, फोकस डोळ्यावर. आणि फोटोत चिंकारा विरघळलेला. पुन्हा काढला, पुन्हा तसाच. कधी पाय वितळलेले, कधी कान. कॅमेऱ्याला काही झालंय का, लेन्सला काही झालंय का, की माझ्या चष्म्याला?

‘आता बंद करा आणि चहा प्या,’ शेजारच्या गाडीतले गृहस्थ म्हणाले. ‘झळा सुरू झाल्यात.’

जमीन तापली की तिच्यालगतची हवा गरम होऊन वर चढते, थंड हवा खाली येते, आणि दोन्हींतून प्रकाश वेगवेगळा वळतो. नुसत्या डोळ्याला ते लांबवरच्या डांबरावर थरथरताना दिसतं. सहाशेची लेन्स चिंकाऱ्याला जवळ आणते तशी मधल्या थरथरीलाही मोठी करते. दीड लाखाची लेन्स घ्या नाहीतर दहा लाखांची, शंभर मीटर तापलेली हवा मध्ये असली की दोघींची एकच गत. इलाज दोनच: सकाळी लवकर या, नाहीतर जनावर आपण होऊन जवळ येईल तोवर बसा. त्यांनी आणखी एक सांगितलं ते मला फार आवडलं. गाडीत एसी लावून खिडकी उघडली, तर आतली गार आणि बाहेरची गरम हवा खिडकीतच भांडतात आणि फोटो तिथेच बिघडतो. इंजिन चालू असेल तर बॉनेटवरूनही झळा येतात. मग आम्ही इंजिन, एसी सगळं बंद करून घामाने निथळत बसलो. डोंबारी चंडोलाचा नर मात्र त्या उन्हात मजेत होता. वर चढायचा, पंख मिटून सरळ खाली कोसळायचा, जमिनीच्या जरा वर सावरायचा, पुन्हा चढायचा. विणीचा हंगाम जवळ आला की त्यांचं हे चालतं. त्याचा एकही फोटो नीट आला नाही, आणि त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

परतीच्या वाटेवर पळस फुलला होता आणि त्यावर भोरड्यांचा थवा कलकलत होता. गुलाबी अंग, काळं डोकं, फुलांत चोच. त्यांचंही मध्य आशियाकडे परतण्याचे दिवस मोजणं चाललेलं. लेन्स बॅगेत होती, म्हणून मोबाइलवर काढला. भगव्या फुलांत काही गुलाबी ठिपके, एवढंच.

चोपत्याला पोचलो तेव्हा ऋषिकेश, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, उखीमठ करत अंग आंबून गेलं होतं. रुद्रप्रयाग जिल्ह्यातलं हे ठिकाण साधारण 2,700 मीटरवर, केदारनाथ वन्यजीव अभयारण्याच्या परिसरात. खालच्या उतारांवर बुरांश लाल फुलला होता आणि वरच्या वाटेवर बर्फ. तुंगनाथाचं मंदिर 3,680 मीटरवर आहे. हिवाळ्यात ते बंद असतं आणि देव मक्कूमठला मुक्कामाला असतो. त्यामुळे वाटेवर यात्रेकरूंची गर्दी नाही, दुकानं बंद, आणि आम्ही शोधत होतो तो मोनाल निवांत. उत्तराखंडाचा हा राज्यपक्षी.

निघतानाच आमच्या गढवाली वाटाड्याने बॅटऱ्या मागितल्या आणि त्या माझ्या स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवायला लावल्या. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. काढून अंगाच्या ऊबेत ठेवली की तिच्यात पुन्हा थोडी धुगधुगी येते. मुक्कामी दिवे सोलरवर, चार्जिंगचा भरवसा नाही, तेव्हा हे ज्ञान कामाचं. पुढची अडचण श्वासाची. चढावर धाप लागली की तोंडातून वाफ, आणि ती थेट कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर. मी डोळा लावला की समोर धुकं. ‘दीदी, पहले साँस, फिर फोटो,’ तो म्हणायचा. वाफ बाजूला सोडायची, मग डोळा लावायचा, मग अर्धा श्वास रोखून बटण. इथे मला ते हंस आठवले. मी साडेतीन हजार मीटरवर दगड बघून बसत होते. ते याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवरून पंख मारत जातात.

मोनाल दिसला तो काळा. बर्फाच्या कडेला, देवदारांच्या सावलीत, कोंबड्याएवढं काळपट काहीतरी मान खाली घालून उकरत होतं. आकड्यासारख्या बाकदार चोचीने तो माती आणि बर्फ उपसून कंद, मुळं, किडे काढतो, आणि काम इतकं मन लावून करतो की नाकातोंडावर माती उडालेली असते. मी वहीतलं गुपित आठवून चाक मायनसकडे फिरवलं. वाटाड्याने स्क्रीनवर बघितलं आणि मान हलवली. बर्फ सिमेंटच्या रंगाचं आलं होतं, मोनाल कोळसा. इथे उलटं. सगळीकडे पांढरंच पांढरं असलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो सगळंच काळवंडून टाकतो. तेव्हा चाक प्लसमध्ये, दीडपर्यंत. नियम पक्ष्याच्या रंगाचा नव्हताच. पक्ष्याच्या आजूबाजूला काय आहे, त्याचा होता.

मग तो दोन पावलं उन्हात आला. डोक्यावर मोरासारखा तुरा, डोकं हिरवं, मान तांब्याची, पाठ जांभळी-निळी, शेपटी दालचिनीची. मान जरा वळवली की तांबं हिरवं होतं, आणखी वळवली की सगळं विझून पुन्हा काळं. या रंगांतली चमक खाण्यातून येत नाही. पिसांच्या बारीक रचनेवर प्रकाश कोणत्या कोनातून पडतो त्यावर ती असते. रोहित ढगाखालीही थोडाफार गुलाबी राहतो. मोनालला मात्र ऊन लागतं, आणि तेही तुमच्या पाठीमागून. म्हणून आम्ही त्याच्या मागे न जाता सूर्य आपल्या मागे येईल अशा खडकाला टेकून बसलो. बूड गारठलं. मादी जवळच होती, तपकिरी, गळा पांढरा, कुणाचं लक्ष न वेधता आपलं खोदकाम करणारी. मला वाटतं तिचे फोटो अधिक बरे आले आहेत, कारण तिच्यापुढे मी भांबावत नव्हते.

नर शेवटी उतारावरून शीळ घालत खाली झेपावला. पाठीवरचा पांढरा डाग तेवढा क्षणभर दिसला. हिमाचलात एके काळी त्याचा तुरा टोपीत खोवायची पद्धत होती. तिथे 1982मध्ये त्याच्या शिकारीवर बंदी आली.

खाली आल्यावर धाब्यात अंगीठी पेटलेली, मॅगी शिजत होती. मी आत शिरणार तेवढ्यात वाटाड्याने बॅग बाहेरच धरली. गार पडलेला कॅमेरा एकदम ऊबेत नेला की त्याच्यावर, आणि वाईट म्हणजे त्याच्या आत, दव धरतं. प्लास्टिकच्या पिशवीत कॅमेरा घालून तोंड घट्ट बांधायचं, आणि पिशवीसकट आत आणून तास-दोन तास हात लावायचा नाही. दव धरलंच तर ते पिशवीवर धरतं. फोटो बघायची घाई असते, पण त्याच्या आवाजात असं काही होतं की मी मुकाट्याने चहा घेतला.

घरी मोठ्या पडद्यावर सगळं बघितलं. कडबनवाडीचा चिंकारा जवळजवळ सगळा पुसला. सकाळी साडेसातचा एक वाचला, कारण तेव्हा जमीन तापलेली नव्हती. रोहितांतले तीन बरे आहेत. मोनालच्या उन्हातल्या फोटोत मानेचं एकेक पीस मोजता येतं. दोन्हीकडच्या मधल्या हवेत एवढा फरक असतो हे लेन्स विकणारा सांगत नाही. सांगून त्याचं तरी काय भलं होणार!

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मोठ्या अभिमानाने मोनाल टाकला. सगळ्यांना आवडला तो भोरड्यांचा मोबाइलवरचा फोटो. आत्याने मात्र मोनाल झूम करकरून बघितला आणि लिहिलं, ‘कोंबडाच की गं हा.’ मोनाल आणि कोंबडा एकाच कुळातले, तेव्हा ती अगदी बरोबर होती, आणि मी तसं कळवलंही. त्यावर तिचा लगेच प्रश्न आला: ‘मग याचा रस्सा कसा लागतो?’ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला पक्षी आहे, रस्सा केला तर तुरुंगात जेवायला बसावं लागेल, असं लिहिलं आणि ग्रुप आठवडाभर म्यूट केला.