गहाण पडलेली गिटार

१९८८ साल असेल. लालबागच्या आमच्या चाळीतल्या खोलीत धाकट्या भावाने एके दिवशी भिंतीवर एक चित्र चिकटवले. पिंजारलेले लांब केस, अंगाला घट्ट बसलेल्या विजारी आणि गळ्यात माळा घातलेले पाच पुरुष त्यात उभे होते. आई डबे भरता भरता थांबली आणि तिने अगदी मनापासून विचारले, "अरे, ह्या बायका कोण?"

त्या ‘बायका’ म्हणजे अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा बॉन जोव्ही हा वाद्यवृंद. मित्राकडून भरून आणलेली त्यांची कॅसेट भाऊ दिवसभर वाजवायचा. अण्णा वैतागून म्हणायचे, "हे गाणं आहे की भांडण?" खरे सांगायचे तर मलाही तेव्हा तसेच वाटत होते. कर्कश गिटार, फवारा मारून फुगवलेले केस आणि रंगवलेले चेहरे, असा सगळा थाट. या प्रकाराला ‘ग्लॅम मेटल’ म्हणतात, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. त्या कॅसेटमधले भावाचे सर्वांत लाडके गाणे होते ‘लिव्हिंग ऑन अ प्रेअर’. प्रार्थनेच्या आधारावर जगणे, असा त्याचा अर्थ.

या गाण्याच्या जन्माची हकीकत मात्र थाटामाटाची नाही. मुख्य गायक जॉन बॉन जोव्ही हा केस कापणाऱ्या वडिलांचा मुलगा. उमेदवारीच्या काळात तो एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत पडेल ती कामे करत होता. पहिल्या दोन अल्बमना बेताचेच यश मिळाल्यावर तिसऱ्यासाठी त्याने आणि गिटारवादक रिची साम्बोराने डेस्मंड चाइल्ड या गीतकाराला सोबत घेतले. त्यांची एकत्र कामाची सुरुवात झाली ती रिचीच्या आईच्या घराच्या तळघरात. चाइल्डने स्वतः न्यू यॉर्कमध्ये टॅक्सी चालवली होती. त्याची तेव्हाची मैत्रीण एका खानावळीत वाढपी होती आणि तिथे तिला ‘जीना’ म्हणत. ते नाव या गाण्यात आले. नायकाचे नाव आधी ‘जॉनी’ ठरत होते, पण गाणाराच जॉन! म्हणून तो ‘टॉमी’ झाला.

गंमत म्हणजे, गाणे तयार झाल्यावर जॉनलाच ते आवडले नाही. त्याला ते साधारण वाटले, ते बाजूला ठेवावे असे त्याचे मत पडले. रिची मात्र हटून बसला. "गाणं चांगलं आहे, आपण ते नीट बांधलेलं नाही," असा त्याचा आग्रह. मग १९८६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात, निर्माता ब्रूस फेअरबेर्न यांच्या देखरेखीखाली, त्याचा खालचा ठेका पुन्हा बांधला गेला. रिचीने ‘टॉक बॉक्स’ नावाचे यंत्र वापरले. यात गिटारचा आवाज एका नळीतून वादकाच्या तोंडात जातो आणि तोंडाच्या हालचालीप्रमाणे गिटार जणू बोलू लागते. गाण्याच्या सुरुवातीचा तो चमत्कारिक ‘वॉव-वॉव’ आवाज त्याचाच. शेवटी सूर एकदम वरच्या पट्टीत चढतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्याही घशाच्या शिरा ताणतात.

फेब्रुवारी १९८७ मध्ये हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले आणि चार आठवडे तिथेच राहिले. ज्या अल्बममध्ये ते होते, त्याच्या एकट्या अमेरिकेत एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. मित्राने हट्ट केला नसता, तर हे गाणे कदाचित एखाद्या कपाटात पडून राहिले असते.

पण आमच्या घरात ते गाणे शिरले ते निराळ्याच वाटेने. एका रविवारी अण्णांनी टेप बंद करायला हात पुढे केला, तेव्हा भाऊ म्हणाला, "अण्णा, आधी गोष्ट तर ऐका." मित्राच्या वहीतून उतरवून घेतलेले शब्द समोर धरून तो मराठीत सांगू लागला. टॉमी गोदीत कामाला आहे. संप सुरू आहे, हाताला काम नाही. जीना दिवसभर खानावळीत राबते आणि घरी पैसे आणते. टॉमीला गिटारचे वेड, पण ती गिटार आता गहाण पडली आहे. रात्री जीना रडते, टॉमी तिला धीर देतो. आपल्याजवळ फार काही नाही, पण एकमेकांची सोबत आहे, तेवढ्यावर निभावून नेऊ, असे दोघे ठरवतात.

खोलीत कोणी बोलेना. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्यांत आमचे अण्णाही होते. पुढे कित्येकांना पुन्हा कामावर जाताच आले नाही. आईने पोळीभाजीचे डबे सुरू केले. पहाटे चारला तिचा स्टोव्ह पेटायचा. आधी तिच्या पाटल्या सराफाकडे गेल्या. मग एका संध्याकाळी अण्णा भजनी मंडळातली त्यांची स्वतःची पेटी चादरीत गुंडाळून घेऊन गेले आणि रिकाम्या हाताने परतले. त्यानंतर ते भजनाला फारसे गेले नाहीत. कोणी त्याबद्दल विचारलेही नाही.

थोड्या वेळाने अण्णांनी हलकेच विचारले, "मग त्याची गिटार सुटली का रे?"

भाऊ वहीत बघून म्हणाला, "ते गाण्यात सांगितलेलं नाही, अण्णा."

अण्णा उठले, पण टेप त्यांनी बंद केला नाही. आईने पदराने चेहरा पुसला आणि म्हणाली, "तिचं नाव काय म्हणालास? जीना? बरं आहे नाव." त्या दिवसापासून भिंतीवरच्या चित्राला कोणी नावे ठेवली नाहीत.

आता वाटते, जॉनला जे साधारण वाटले होते, त्यातच या गाण्याचे बळ होते. केस आणि कपडे दोन-चार वर्षांतच जुने झाले. महिनाअखेरची चिंता आणि एकमेकांना दिलेला धीर मात्र कधी जुना होत नाही. २०११ मध्ये जॉनने पत्नीबरोबर न्यू जर्सीत एक खानावळ काढली. तिथे ज्याच्याजवळ पैसे नसतील त्याने थोडे काम करावे आणि जेवावे. हे वाचले तेव्हा मला जीनाच आठवली.

अण्णा १९९६ मध्ये गेले. २००० साली बॉन जोव्हीचे ‘इट्स माय लाइफ’ हे नवे गाणे आले. त्यात टॉमी आणि जीनाचा पुन्हा उल्लेख आहे, ते मागे हटले नाहीत असा. त्या रात्री भावाचा फोन आला.

"ताई, ते दोघं अजून टिकून आहेत बरं का!"

मी विचारले, "आणि गिटार?"

तो क्षणभर गप्प राहिला. म्हणाला, "ते याही गाण्यात सांगितलेलं नाही."