घाणेरीचं बूड

शिमगा झाला, पळस अजून फुललेला आहे आणि आम्ही टेकडीवर घाणेरीच्या मागे लागलोय. ही मूळची अमेरिका खंडातली. 1809 च्या सुमारास कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलेली. आता बुलबुल तिची काळी फळं खातात आणि बिया रानभर पेरतात.

वरवर कोयता चालवला की ती दुप्पट जोमाने फुटते. म्हणून बुंध्याभोवतीची माती उकरायची, जमिनीखाली चार बोटांवर मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं टाकायचं, म्हणजे पुन्हा रुजत नाही. एकट्याचं काम नव्हेच हे. एकाने बेचक्याच्या काठीने काटेरी फांद्या रेटून धरायच्या, दुसऱ्याने कुदळ घालायची. आमच्यातले निवृत्त काका जोर फार लावतात, पण मूळ नेमकं सापडतं ते वस्तीवरच्या मावशींना. "दादा, फांदी नका ओढू, बूड बघा," त्या म्हणतात. (हाताचा उग्र वास साबणानेही जात नाही, हे वेगळंच.)

फोटोपुरते आलेले पाडव्यानंतर गळतील. खरी माणसं लागतात ती पावसाळ्यात. तेव्हा मोकळ्या जागेत मारवेल गवताचं बी टाकायचं आणि पक्षी बसतात त्या झाडांखालची घाणेरीची रोपं उपटायची. बोटभरच असतात ती. शाळेतली पोरंही सहज उपटतात.